पहिल्या ओळीच्या आधी

सप्टेंबर २००६मध्ये अमेरिकेतल्या 'सलॉन' या ऑनलाइन नियतकालिकात विज्ञानकथालेखक डेव्हिड ब्रिन यांचा एक वैतागलेला लेख आला. त्यांच्या मुलाच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात जागोजागी 'बेसिकमध्ये करून पाहा' अशा चौकटी होत्या. थोड्याशा ओळींचा प्रोग्राम टाइप करायचा, चालवायचा आणि आकडे कसे पळतात ते बघायचं, इतकंच. घरात संगणक होते, तेही चांगले दणकट. पण त्या ओळी चालवण्याची सोय एकातही नव्हती. अखेर बापलेकांनी ईबेवरून एक जुनापुराणा कमोडोर ६४ मागवला, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली.

लेखाला 'आमच्या काळी'चा वास होता खरा, पण तक्रार खोटी नव्हती. १ मे १९६४च्या पहाटे डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा पहिल्यांदा चालवली, ती विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही प्रोग्राम लिहिता यावा म्हणूनच. विद्यार्थी टेलिटाइपपुढे बसायचा, ओळ टाइप करायचा. दुसऱ्या खोलीतला एकच मोठा संगणक सगळ्यांची कामं आळीपाळीने उरकायचा आणि उत्तर कागदावर खडखडत उमटायचं. ऐंशीच्या दशकातल्या घरगुती संगणकांनी हीच भाषा यंत्राच्या चिपमध्येच बसवून टाकली. बटण दाबलं की समोर लुकलुकणारा कर्सर, आणि कर्सर लुकलुकला की प्रोग्राम लिहायला मोकळे. १९८४पासून केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून आपल्याकडच्या निवडक शाळांत आलेले बीबीसी मायक्रो याच जातीचे. पुढे विंडोज आलं, माउस आला, चित्रांच्या खिडक्या आल्या. संगणक वापरणं सोपं झालं आणि त्या सोपेपणात भाषा पेटीतून कधी नाहीशी झाली ते फारसं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

महाराष्ट्रात ज्यांनी अकरावी-बारावीला बायफोकल कॉम्प्युटर सायन्स घेतलं किंवा इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष काढलं, त्यांना या रिकाम्या जागेत काय येऊन बसलं ते ठाऊक आहे: टर्बो सी प्लस प्लसची निळी स्क्रीन. बोरलँड कंपनीचं नव्वदीच्या सुरुवातीचं हे सॉफ्टवेअर डॉससाठी लिहिलेलं. बाहेर सी प्लस प्लसची नवी प्रमाणं येत राहिली, आपल्या लॅबमधलं 'टीसी' नावाचं फोल्डर मात्र एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे जात राहिलं. नवं विंडोज त्याला घेईना, तेव्हा डॉसबॉक्स नावाचा नकली डॉस आणून त्यात ते चालवलं. यात आळस होता, अभ्यासक्रम बदलण्याची कटकट कुणाला नको होती, हेही खरं. पण त्या चिकटपणात एक व्यवहारी शहाणपण होतं, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. फोल्डर कॉपी केलं की काम झालं. ॲडमिनचा पासवर्ड नको, इन्स्टॉलर नको, लॅब असिस्टंटची मनधरणी नको.

त्याउलट जावाचा पहिला तास आठवावा. आधी काहीशे एमबीचं डाउनलोड, मग इन्स्टॉल, मग कुठल्याशा सेटिंगमध्ये जाऊन 'पाथ' लिहायचा. तो एका अक्षराने चुकला की काळी खिडकी सांगणार, ही आज्ञा मला ओळखता येत नाही. चाळीस मुलं, चाळीस यंत्रं आणि चाळीस तऱ्हेचे अडथळे. प्रोग्रामची पहिली ओळ लिहिण्याआधीच तास संपायचा आणि काही मुलांचा उत्साहही.

ब्राउझरमध्ये प्रोग्रामिंग शिकवण्याची कल्पना या वाया जाणाऱ्या तासातून आली. ब्राउझर सगळीकडे आधीच बसवलेला होता. अडचण एवढीच की तो पानं दाखवायला बनलेला होता, पायथन किंवा रुबीसारख्या भाषा चालवायला नव्हे. मग मुलाने लिहिलेली ओळ चालवणार कोण आणि कुठे? पुढची पंधरा वर्षं सगळी खटपट या प्रश्नाभोवती चालली. प्रत्येक उत्तराची किंमत वेगळी होती, आणि ती सहसा उशिरा कळली.

पहिलं गाजलेलं उत्तर एका विक्षिप्त माणसाचं. रुबी भाषेच्या वर्तुळात तो 'व्हाय द लकी स्टिफ' या टोपणनावाने वावरायचा. रुबी शिकवणारं त्याचं पुस्तक कोल्ह्यांच्या व्यंगचित्रांनी भरलेलं. ब्रिन यांच्या तीन वर्षं आधी, २००३मध्ये, त्याने जवळपास तीच तक्रार एका निबंधात मांडली होती: आजच्या मुलाच्या हातात जुन्या यंत्रांच्या कितीतरी पट ताकदीची यंत्रं आहेत, पण ती सगळी कुलूपबंद. तो नुसता लिहून थांबला नाही. त्याने 'ट्राय रुबी' नावाचं एक पान बनवलं. पान उघडलं की एक काळी चौकट आणि तिच्याशेजारी खेळकर सूचना. पहिली सूचना अशी की दोन अधिक सहा टाइप करून बघा. आठ उमटले की पुढचा धडा: आपलं नाव लिहा, आता ते उलटं करा. पाचव्या मिनिटाला माणूस रुबी लिहीत असायचा, आणि संगणकावर नवं काहीही बसवलेलं नसायचं.

पडद्याआड घडत होतं ते डार्टमथसारखंच. ब्राउझर फक्त टेलिटाइप. ओळ उचलून दूरच्या सर्व्हरकडे पाठवायची, तिथे ती चालायची आणि उत्तर परत यायचं. फरक इतकाच की डार्टमथचा संगणक कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी होता आणि हा सर्व्हर अख्ख्या जगाला उघडा. अनोळखी माणसाने लिहिलेला कोड आपल्या यंत्रावर चालू देणं म्हणजे सुरक्षेच्या दृष्टीने आ बैल मुझे मार. कुणी फाइली पुसायची आज्ञा देईल, कुणी कधीच न संपणारा प्रोग्राम सोडून देईल. म्हणून त्याने रुबीसाठी एक बंदिस्त 'सँडबॉक्स' स्वतःच बांधला. आणि मग १९ ऑगस्ट २००९ला हा माणूस इंटरनेटवरून नाहीसा झाला. त्याची संकेतस्थळं, त्याचा कोड, त्याची खाती, सगळं एका दिवसात गेलं. 'ट्राय रुबी'ही गेलं. चाहत्यांनी जुन्या प्रती गोळा करून ते पुन्हा उभं केलं, आज ते रुबीच्याच अधिकृत संकेतस्थळावर आहे. पण सर्व्हर दुसऱ्याचा असला की काय होऊ शकतं, याचा दाखला तेव्हाच मिळाला होता. तो कुणी फारसा मनावर घेतला नाही.

दुसरा रस्ता अवघड होता: भाषाच ब्राउझरच्या आत आणायची. ब्राउझरला जन्मापासून एकच भाषा येते, जावास्क्रिप्ट, जी १९९५मध्ये नेटस्केपच्या ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत रचली. बरीच वर्षं ती पानावरचे किरकोळ चाळे करण्यापुरती समजली जायची. सप्टेंबर २००८मध्ये गुगलने क्रोम आणला आणि त्यातल्या व्ही-एट इंजिनाने ही भाषा इतकी वेगवान केली की लोकांच्या डोक्यात नसते उद्योग येऊ लागले. पायथनचा अर्थ लावणारा प्रोग्रामच जावास्क्रिप्टमध्ये लिहिला तर? स्कॉट ग्रॅहम यांनी तो लिहिला आणि नाव ठेवलं 'स्कल्प्ट'. पायथनचा थोडा तुकडा, पण पहिल्या सत्राला पुरेल इतका.

त्याचा सर्वांत सुंदर उपयोग आयोवा राज्यातल्या डेकोरा या छोट्या गावी झाला. तिथल्या ल्युथर कॉलेजचे प्राध्यापक ब्रॅड मिलर आणि डेव्हिड रॅनम यांच्या हाताशी एक मुक्त पाठ्यपुस्तक होतं, आणि त्या पुस्तकाची कुळकथाही ऐकण्याजोगी आहे. ॲलन डाउनी यांनी ते जावासाठी लिहून मुक्त परवान्यावर सोडलं. व्हर्जिनियातले एक हायस्कूल शिक्षक जेफ एल्कनर यांनी वर्गासाठी ते पायथनमध्ये आणलं. मिलर-रॅनम यांनी त्याच्या पानांत स्कल्प्ट बसवलं. आता उदाहरण वाचायचं आणि त्याच जागी ते बदलून चालवायचं. आज्ञेनुसार स्क्रीनवर फिरणाऱ्या कासवाने रेघा मारत चौकोन काढला की त्याच परिच्छेदाखाली तो चौकोन उमटायचा. 'रनस्टोन' नावाने वाढलेल्या या प्रकल्पात विद्यार्थ्याचा प्रोग्राम त्याच्याच यंत्रात चालत होता. कॉलेजचा सर्व्हर फक्त पानं वाढत होता.

इथेच एक जुनी खोड नव्या रूपात समोर आली. कुठलाही शिकाऊ आज ना उद्या न संपणारं लूप लिहितोच. मोजणीचा आकडा वाढवायला विसरला की झालं. टर्बो सीमध्ये अशा वेळी कंट्रोल आणि ब्रेक दाबायचं, नाहीतर सरळ मशिन रिस्टार्ट. ब्राउझरमध्ये प्रकरण विचित्र होतं. पान रंगवणं, क्लिक ऐकणं आणि जावास्क्रिप्ट चालवणं ही तिन्ही कामं एकाच धाग्यावर होतात. जणू एकट्या माणसाचं किराणा दुकान, तोच तोलणार, तोच पैसे घेणार, तोच हाकेला ओ देणार. मुलाचं लूप फिरायला लागलं की तो माणूस गोदामात अडकला. तुम्ही 'थांबवा' बटण कितीही दाबा, ते दाबलं गेल्याचं ऐकायलाच कुणी नाही. टॅब गोठतो, आणि न साठवलेला प्रोग्राम टॅबबरोबर जातो.

यावरची उत्तरं मोठी चलाख आहेत. सोपं उत्तर म्हणजे वेळेची मर्यादा: ठरावीक सेकंदांत संपला नाही तर प्रोग्राम मारायचा. पण मग मुलाने मुद्दाम लांबणारा खेळ लिहिला तर तोही मरतो. ब्राउन विद्यापीठातल्या श्रीराम कृष्णमूर्ती आणि सहकाऱ्यांच्या गटाने 'वीस्कीम' हे स्कीम भाषेचं ब्राउझरमधलं वातावरण बनवलं, २०११मध्ये त्यावर निबंध वाचला, आणि या प्रश्नाचा पाठलाग पुढेही सोडला नाही. त्यांची युक्ती अशी की मुलाचा प्रोग्राम चालवण्याआधीच गुपचूप पुन्हा लिहायचा. तो दर काही पावलांनी आपण कुठे आहोत, कुठल्या चलात काय आहे, हे टिपून ठेवतो, बाजूला होतो, ब्राउझरला श्वास घेऊ देतो आणि मग नेमका तिथूनच पुढे सुरू होतो. २०१८मध्ये याच परंपरेतून 'स्टॉपिफाय' आलं, कुठल्याही भाषेला ही सोय देणारं. मुलाला यातलं काही दिसत नाही. त्याला दिसतं ते एक बटण, जे दाबल्यावर खरोखर काम करतं. शैक्षणिक सॉफ्टवेअरमधली उत्तम कारागिरी बरेचदा अशीच अदृश्य असते, आणि म्हणून तिला निधी मिळवणं कर्मकठीण.

कोड कुठे चालतो हा प्रश्न सुटत असताना फिलिप ग्वो नावाचा स्टॅनफर्डचा एक पीएचडीचा विद्यार्थी वेगळ्याच गोष्टीमागे लागला होता: चालताना आत काय होतं ते दाखवायचं. २०१०च्या सुरुवातीला त्याने 'पायथन ट्यूटर' सुरू केलं. कोड टाका, आणि एकेक ओळ पुढे-मागे करत बघा. डावीकडे ओळीवर बाण सरकतो, उजवीकडे चौकटी आणि बाण काढले जातात.

एक उदाहरण घ्या, पायथन शिकवणाऱ्या प्रत्येकाला चावलेलं. 'अ' नावाची यादी केली, तिच्यात एक, दोन, तीन. मग लिहिलं, 'ब' म्हणजे 'अ'. मग 'ब'मध्ये चार घातले. आता 'अ' छापा. मूल म्हणतं, एक-दोन-तीन. संगणक छापतो एक-दोन-तीन-चार. फळ्यावर हे समजावायला अर्धा तास जातो आणि मागच्या बाकावर शंका तशीच राहते. पायथन ट्यूटरमध्ये दुसरी ओळ चालली की 'ब'पासून एक बाण निघतो आणि नवी चौकट न काढता 'अ'च्याच चौकटीवर जाऊन टेकतो. मूल 'अच्छा!' म्हणतं. बस, धडा झाला. मला विचाराल तर या सगळ्या कालखंडात शिकवण्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाची चीज कुठली, तर हे बाण.

मग लाट आली. ऑगस्ट २०११मध्ये न्यूयॉर्कमधून 'कोडकॅडमी' सुरू झाली. जानेवारी २०१२मध्ये शहराचे महापौर मायकल ब्लूमबर्ग यांनी तिथे कोडिंग शिकण्याचा नववर्षाचा संकल्प जाहीर केला आणि हा विषय संगणकवाल्यांच्या कंपूतून बाहेर पडला. डिसेंबर २०१३मध्ये 'कोड डॉट ऑर्ग'चा 'अवर ऑफ कोड' आला, ठोकळे जोडून प्रोग्राम रचू देणाऱ्या गुगलच्या 'ब्लॉकली'वर उभ्या केलेल्या कोड्यांसह. पहिल्याच आठवड्यात कोटीहून अधिक मुलांनी ती सोडवली असं संयोजकांनी सांगितलं. पुढच्या वर्षी खुद्द ओबामा यांनी शाळकरी मुलांसोबत बसून जावास्क्रिप्टची एक ओळ लिहिली. इतक्या मोठ्या संख्येने मुलं एकाच आठवड्यात हे करू शकली, कारण शाळांना काहीही इन्स्टॉल करावं लागलं नाही. एका तासात कुणी प्रोग्रामर होत नाही, ही टीकाही तितकीच खरी.

या गर्दीत २०१२चा एक वाद मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. त्या वर्षी जानेवारीत माँट्रिअलच्या एका विद्यार्थी परिषदेत इंटरफेस डिझायनर ब्रेट व्हिक्टर यांचं व्याख्यान झालं. त्यांनी स्क्रीनवर एक झाड दाखवलं, शेजारी ते काढणारा कोड. कोडमधला आकडा बदलला की झाड त्याच क्षणी बदलायचं. जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीचे जनक जॉन रेझिग तेव्हा फुकट ऑनलाइन धडे देणाऱ्या खान अकॅडमीत होते, आणि ब्राउझरमध्ये चित्रं काढणारी 'प्रोसेसिंग जेएस' ही लायब्ररीही त्यांचीच. व्याख्यानाने ते झपाटले. ऑगस्टमध्ये खान अकॅडमीचं प्रोग्रामिंग सुरू झालं: डावीकडे कोड, उजवीकडे चित्र, आणि 'चालवा' हे बटणच नाही. आकड्यावर माउस नेऊन खेचला की वर्तुळ फुगतं. व्हिडिओऐवजी शिक्षकाच्या टायपिंगचंच रेकॉर्डिंग, ते मध्येच थांबवून त्याच्याच कोडमध्ये हात घालता येतो.

महिन्याभरात ब्रेट व्हिक्टर यांनीच एक लांबलचक निबंध लिहून हे सगळं अपुरं ठरवलं. त्यांचं म्हणणं, चित्र लगेच बदलणं ही मुळात मामुली गोष्ट. साठ, साठ, ऐंशी असे आकडे ज्या आज्ञेत आहेत त्यातला कुठला आकडा कशाचा, हे मुलाला कुठे दिसतं? प्रोग्राम वेळेत कसा उलगडतो, आत काय साठतं, हे कुठे दिसतं? सीमोर पेपर्ट यांचं १९८०चं 'माइंडस्टॉर्म्स' हे पुस्तक नीट वाचा, असा सल्लाही त्यांनी दिला. ज्याला प्रेरणास्थान म्हणून पुढे केलं त्यानेच कान धरावा, हे खान अकॅडमीच्या वाट्याला आलं. टीका कठोर होती, पण माझ्या मते बरोबर होती. पायथन ट्यूटरचे कळकट दिसणारे बाण या कसोटीला कितीतरी जास्त उतरत होते.

पेपर्ट यांचा वारसा सरळ चालवला तो मात्र 'स्क्रॅच'ने. पेपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी १९६७मध्ये मुलांसाठी लोगो भाषा घडवली. पेपर्ट यांच्या तालमीत तयार झालेले मिचेल रेझनिक एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये 'लाइफलाँग किंडरगार्टन' हा गट चालवत. मे २००७मध्ये त्यांनी स्क्रॅच जगासमोर ठेवलं. आज्ञा म्हणजे रंगीत ठोकळे. ज्यांचे आकार जुळतात तेच एकमेकांत बसतात, त्यामुळे अर्धविराम विसरण्याचा प्रश्नच नाही. तेव्हा ते ब्राउझरमध्ये नव्हतं. स्क्वीक नावाच्या स्मॉलटॉक भाषेच्या अवतारात लिहिलेलं ते प्रोग्रामसारखं इन्स्टॉल करावं लागे. (याच स्क्वीकवर बांधलेलं 'ईटॉइज' त्याच वर्षी आपल्या कर्जतजवळच्या खैरात गावात पोचलं होतं, 'दर मुलामागे एक लॅपटॉप' योजनेतल्या हिरव्या-पांढऱ्या यंत्रांमधून.) केलेला खेळ स्क्रॅचच्या संकेतस्थळावर चढवायचा, बघणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये तो जावा ॲप्लेट म्हणून चाले. आतला कोड बघायचा तर फाइल उतरवून आपल्या स्क्रॅचमध्ये उघडायची.

९ मे २०१३ला स्क्रॅच २.० आलं, तेव्हा प्रत्येक खेळाच्या माथ्यावर 'आत पाहा' असं बटण होतं. दाबलं की त्याच टॅबमध्ये खेळ उलगडून त्याचे ठोकळे समोर. हवं ते बदला, 'रीमिक्स' दाबा, तुमची प्रत तयार. मला हे बटण म्हणजे या इतिहासातला सर्वांत मोठा टप्पा वाटतो. इन्स्टॉल करण्याचा त्रास वाचला हे ठीकच. पण इथे बघणारा आणि करणारा यांच्यातली भिंतच गेली. दहा वर्षांच्या मुलाने दुसऱ्या दहा वर्षांच्या मुलाचा कोड वाचावा, हे याआधी सहज घडत नसे.

'माझं चोरलं' ही भांडणं अर्थातच आली. संकेतस्थळाने प्रत्येक रीमिक्सवर 'अमुकच्या खेळावर आधारित' असं आपोआप छापायला सुरुवात केली. समुदायाचं संकेतस्थळ उभारणारे आंद्रेस मोनरॉय-एर्नांदेझ आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा की यंत्राने छापलेल्या श्रेयाने मुलांचं समाधान होत नाही. रीमिक्स करणाऱ्याने आपण होऊन दोन शब्द लिहिले तर होतं. हे कळायला संशोधन कशाला, असं आपल्याकडची कुठलीही शिक्षिका म्हणेल. पण सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना ते कागदावर हवं असतं.

स्क्रॅच २.० ब्राउझरमध्ये आलं ते अडोबीच्या फ्लॅशच्या पाठीवर बसून. म्हणजे कोड मुलाच्याच यंत्रात चालत होता, पण एका कंपनीच्या प्लगइनच्या मर्जीवर. स्टीव्ह जॉब्झ यांनी एप्रिल २०१०मध्येच खुलं पत्र लिहून आयफोन-आयपॅडवर फ्लॅशला दार बंद केलं होतं. मग फ्लॅश का? कारण शाळांतल्या जुन्या-पान्या ब्राउझरवर आवाज आणि हलती चित्रं एकसारखी चालवेल असं भरवशाचं दुसरं काही हाताशी नव्हतं. किंमत नंतर चुकती करावी लागली. क्रोमने २०१५मध्ये जुन्या पद्धतीचे प्लगइन काढले, तेव्हा शेकडो शैक्षणिक जावा ॲप्लेट एका फटक्यात मुके झाले. जुलै २०१७मध्ये अडोबीने फ्लॅशचं मृत्युपत्रच जाहीर केलं: ३१ डिसेंबर २०२०. बर्कलीच्या ब्रायन हार्वे यांच्यासोबत स्क्रॅचसारखीच ठोकळ्यांची भाषा 'स्नॅप' बनवणारे, शिक्षणाने वकील असलेले जर्मन प्रोग्रामर येन्स म्योनिग यांनी आधीच सगळं शुद्ध जावास्क्रिप्टमध्ये रचलं होतं. त्यांना घाम फुटला नाही. स्क्रॅचला मात्र सगळा डोलारा पुन्हा बांधावा लागला. गुगलच्या ब्लॉकली गटाला बरोबर घेऊन तो बांधला गेला आणि २ जानेवारी २०१९ला स्क्रॅच ३.० आलं, प्लगइनशिवाय, टॅबलेटवरही चालणारं. मुलांनी आधी केलेले कोट्यवधी खेळ नव्या इंजिनावर चालले पाहिजेत, ही अट पाळताना त्या गटाने जे सोसलं असेल त्याची कल्पना जुनं सॉफ्टवेअर नवं करणाऱ्यालाच येईल.

आपल्याकडे या घडामोडींचा वेग वेगळा होता. पवईच्या आयआयटीत प्राध्यापक श्रीधर अय्यर यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या 'कॉम्प्युटर मस्ती' या पुस्तकमालेने स्क्रॅच शालेय वर्गात नेलं. पण जिथे नेटच दुपारी असतं आणि संध्याकाळी नसतं, तिथे ब्राउझरमधलं स्क्रॅच काय कामाचं? अशा लॅबना इन्स्टॉल केलेलं जुनं १.४च बरं होतं. इन्स्टॉलेशनचा अडथळा काढताना नेटचा अडथळा उभा राहिला, हे एमआयटीतून दिसत नाही. मग २०२०मध्ये सगळं एकदमच आलं. २९ जुलैच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंगचा उल्लेख झाला. आठवड्याभरात मुंबईची व्हाइटहॅट ज्युनियर ही कंपनी बायजूजने ३० कोटी डॉलरला घेतली. टाळेबंदीत घरी बसलेल्या पालकांवर जाहिरातींचा मारा झाला आणि त्यातल्या काही तक्रारींनंतर मागे घ्याव्या लागल्या. कोडिंग म्हणजे काय हे घरोघर पोचलं, ते भीतीच्या वाटेने.

दरम्यान कोड कुठे चालतो या जुन्या प्रश्नाला नवं उत्तर मिळालं होतं. मोझिलाच्या अलोन झकाई यांनी २०१०पासून 'एमस्क्रिप्टन' घडवलं: सी भाषेतला कुठलाही प्रोग्राम ब्राउझरला पचेल अशा रूपात आणणारं यंत्र. अम्मानमध्ये वाढलेला अमजद मसाद नेट कॅफेतल्या यंत्रांवर दर वेळी सगळं नव्याने बसवून कंटाळला होता. एमस्क्रिप्टन वापरून त्याने आणि मित्रांनी २०११मध्ये अनेक भाषा ब्राउझरमध्ये आणल्या. तेच पुढे रेप्लिट. २०१७च्या अखेरीस असे प्रोग्राम ब्राउझरमध्ये वेगाने चालवणारी वेबअसेंब्ली सगळ्या प्रमुख ब्राउझरांत आली, आणि २०१८मध्ये मोझिलाच्याच मायकल ड्रोएटबूम यांनी 'पायोडाइड' सुरू केलं. स्कल्प्ट हा पायथनचा नकलाकार होता. पायोडाइड म्हणजे खुद्द पायथन, नमपाय वगैरे जड लायब्रऱ्यांसह. सुरुवातीला काही एमबी उतरवायचे, मग सगळं मुलाच्या यंत्रात. २०२१च्या ज्युपिटरलाइट या कोड चालवण्याच्या वहीला तर चालवणारा सर्व्हरच लागत नाही. नुसत्या फाइली कुठेतरी ठेवल्या की वर्ग भरला.

रेप्लिट मात्र उलट्या दिशेने गेलं. २०१६मध्ये कंपनी झाली, कोड ब्राउझरमधून उचलून आपल्या सर्व्हरवर नेला, त्यामुळे कितीतरी अधिक भाषा आणि सोयी देता आल्या. शिक्षकांसाठी वर्ग चालवण्याची सोय होती, तीही काही काळ फुकट. अनेकांनी सगळा अभ्यासक्रम, गृहपाठ, तपासणी त्यावर उभी केली. २०२४मध्ये कंपनीने ती सोय बंद केली आणि शिक्षक नव्या जागेच्या शोधात निघाले. त्या दिवसांत मुलाच्या यंत्रात चालणाऱ्या साधनांचे पुरस्कर्ते 'आम्ही सांगत होतो' म्हणाले असतील तर त्यांना दोष देता येणार नाही.

पण हा हिशेब इतका सरळ नाही, कारण पायथन ट्यूटर अजून जिवंत आहे आणि ते सर्व्हरवर चालतं. २०२१मध्ये ग्वो यांनी दहा वर्षांचा आढावा घेतला तेव्हा वापरणाऱ्यांची संख्या कोटीवर गेली होती, आणि ते सांभाळणारा माणूस मुख्यतः एकच होता. त्याने खाती काढू दिली नाहीत, कुणाचा कोड साठवून ठेवण्याची सोय केली नाही, लोकांनी मागितलेल्या बहुतेक सुविधांना नकार दिला. मुलाने लिहिलेला प्रोग्राम शिक्षकाला पाठवायचा असेल तर तो अख्खा दुव्यातच कोंबला जातो, म्हणून दुवे भयंकर लांब होतात आणि व्हॉट्सॲपवर पाठवले की अर्धी स्क्रीन भरते.